गाणाऱ्याने स्वतःला ऐकावे कसे?



आजच्या विषयाचे नाव वाचून काही मंडळींना वाटले असेल, की हेडफोन घ्यावा की कानात बसणारा मॉनिटर घ्यावा, हा प्रश्न दुकानदाराला विचारण्याचा आहे. त्यासाठी व्याख्यानमालेची एक संध्याकाळ कशाला खर्ची घालावी? शंका रास्त आहे. परंतु या दोन वस्तूंच्या मागे सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासात काही फार गुणी माणसांचे कान कायमचे दुखावले गेले आहेत. आज आपल्या घरची मुलेही वाद्यवृंदांत गातात, ढोल-ताशांच्या पथकांत वाजवितात, आणि रात्री घरी येऊन 'कानात शिट्टी वाजते आहे' असे म्हणतात. तेव्हा हा विषय आता घरातला झाला आहे, असे समजून आपण त्याकडे पाहू.

एक नेहमीचे दृश्य डोळ्यांपुढे आणा. मैफल सुरू होते. गवई षड्ज लावतो, थांबतो, आणि बाजूला यंत्रापाशी बसलेल्या साउंडवाल्याकडे पाहून हाताने खूण करतो : 'थोडे वाढवा.' आपल्याला तर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज स्वच्छ येत असतो. मग गवई काय मागत असतो? तो स्वतःचाच आवाज मागत असतो. त्याच्या पुढे जमिनीवर तिरपा ठेवलेला जो लहान ध्वनिवर्धक असतो, ज्याला मॉनिटर म्हणतात, त्यातून त्याला त्याचे गाणे परत हवे असते. ते मिळाले नाही, तर त्याचे पुढचे पाऊल अंधारात पडते.

याचे कारण असे, की गळ्याला दिशा देण्याचे काम कान करतो. निघालेला स्वर कानावर पडतो, कान त्याची पारख करतो, आणि गळा त्याप्रमाणे स्वतःला सुधारून घेतो. हे चक्र क्षणभर तुटले तरी काय होते, हे एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्याने १९११ साली दाखवून दिले. बोलणाऱ्या माणसाच्या कानात त्याने यंत्राने गोंगाट सोडला. तो माणूस नकळत मोठ्याने बोलू लागला. गोंगाट थांबताच त्याचा आवाज पूर्ववत झाला. बहिरेपणाचे सोंग घेणारे ओळखण्यासाठी या गोष्टीचा उपयोग होऊ लागला, कारण खऱ्या बहिऱ्यावर गोंगाटाचा परिणाम होत नाही. गाणाऱ्याच्या दृष्टीने यातून निघणारा अर्थ गंभीर आहे. ज्या गायकाला स्वतःचे ऐकू येत नाही, तो मनात नसतानाही ओरडतो; गळा ताणतो, स्वर चढवितो किंवा उतरवितो, आणि कार्यक्रम संपेपर्यंत थकून जातो.

आपल्या जुन्या कलावंतांना लोंबारचे नाव ठाऊक नव्हते, पण गोष्ट पक्की ठाऊक होती. गवयाच्या पाठीशी दोन तंबोरे असतात ते शोभेसाठी नव्हेत; आपला स्वर कोठे आहे हे त्याला क्षणोक्षणी त्यांवरून पडताळून पाहता येते. शाहीर कानावर हात ठेवून गातो. तळहाताचा आडोसा झाला की तोंडून निघालेला आवाज कानाकडे वळतो आणि बाहेरचा गलका थोडा अडतो. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले. त्यानंतरच्या संगीत नाटकांत साथीदार रंगमंचाच्या पुढे, नटाच्या पायांशी बसत, त्यामुळे साथ समोरूनच गायकनटाच्या कानावर येई. त्या काळी गाणारा आणि ऐकणारा एकाच हवेतला आवाज ऐकत होते. जो आवाज श्रोत्याला, तोच गाणाऱ्याला.

ध्वनिक्षेपकाने ही सोयरीक मोडली. आवाज तारेतून कर्ण्यांकडे गेला, कर्ण्यांची तोंडे श्रोत्यांकडे वळली, आणि गाणारा स्वतःच्या आवाजाच्या पाठीमागे उभा राहिला. लहान सभागृहात हे निभावून गेले. मोठ्या मैदानांत निभावेना. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्स या इंग्रज मंडळींचे गाणे झाले. सुमारे ५५,६०० लोक जमले होते. वाद्यांसाठी मुद्दाम शंभर वॉटचे ध्वनिवर्धक तयार करविले होते, परंतु श्रोत्यांच्या आरोळ्यांपुढे त्यांचे काही चालेना. अशा कार्यक्रमांत आपण गाण्यात कोठे आलो आहोत हे पुढच्या साथीदारांच्या हालचालींवरून ओळखावे लागे, असे त्यांचे ड्रमवादक रिंगो स्टार यांनी पुढे सांगितले आहे. डोळ्यांनी ताल धरण्याची वेळ आली! २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांचा तिकीट लावून झालेला शेवटचा कार्यक्रम झाला. दौरे सोडण्याची कारणे अनेक होती. पण आपले आपल्यालाच ऐकू येत नाही, आणि म्हणून वाजविणे बिघडत चालले आहे, हे त्यांतले एक होते.

यावर तोडगा म्हणून गायकाच्या दिशेने तोंड केलेला ध्वनिवर्धक आला. सॅन फ्रान्सिस्कोमध्येच १९६१ साली जूडी गार्लंड यांच्या कार्यक्रमात असा प्रयोग झाल्याची नोंद आहे. १९७० च्या सुमारास तो तिरपा खोका रंगमंचावर सर्रास दिसू लागला. परंतु या तोडग्याच्या पोटात एक दुखणे होते. ध्वनिवर्धकातला आवाज पुन्हा ध्वनिक्षेपकात शिरला, की तो फिरून फिरून वाढत जातो आणि माइक शिट्टी मारतो. त्यामुळे आवाज एका मर्यादेपलीकडे वाढविता येत नाही. शिवाय गायकाने आपला मॉनिटर वाढविला, की गिटारवाला आपला वाढवितो. मग ड्रमवाला तक्रार करतो आणि त्याचाही वाढतो. अशी चढाओढ लागून रंगमंच हाच सभागृहातला सर्वांत गोंगाटाचा भाग होऊन बसला. ३१ मे १९७६ रोजी लंडनमधील चार्लटन येथे द हू या मंडळींच्या कार्यक्रमात ध्वनिवर्धकांपासून ३२ मीटर अंतरावर १२६ डेसिबल आवाज मोजला गेला. तो विक्रम म्हणून गिनेसच्या ग्रंथात छापला गेला. पुढे लोकांचे कान जातील या भीतीने गिनेसने हा विक्रमच नोंदविणे बंद केले.

येथे डेसिबलचा थोडा हिशेब समजून घेतला पाहिजे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसातून ८ तास सोसणे ही सुरक्षिततेची सीमा धरतात. त्यापुढे दर ३ डेसिबलला सोसण्याचा वेळ निम्मा होतो : ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, आणि १०० ला फक्त १५ मिनिटे. कानाच्या आतील शंखात जे अतिसूक्ष्म केशपेशींचे थर असतात, ते एकदा मेले की माणसाच्या शरीरात पुन्हा उगवत नाहीत. गळा बसला तर विश्रांतीने सुटतो; कान बसला तर सुटत नाही.

आता हेडफोनकडे वळू. त्याचा जन्म संगीताच्या इतक्या जवळ झाला, की आश्चर्य वाटावे. १८८१ साली पॅरिस येथे विजेचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. तेथे क्लेमां आदेर यांनी ऑपेरागृहातले गाणे टेलिफोनच्या तारांनी प्रदर्शनात आणले. श्रोते दोन कानांना दोन श्रवणयंत्रे धरून दूर चाललेले गाणे ऐकत. म्हणजे 'शाकुंतला'च्या पहिल्या प्रयोगाला एक वर्ष झाले नाही तोच, गाणे हवेवाचून कानात पोहोचविण्याची सोय पॅरिसमध्ये निघाली होती! डोक्यावर बसणारे कार्यक्षम हेडफोन मात्र १९१० च्या सुमारास अमेरिकेत युटा प्रांतातील नॅथॅनियल बाल्डविन यांनी बनविले, तेही घरच्या स्वयंपाकघरात. अमेरिकेच्या आरमाराने ते बिनतारी संदेश ऐकण्यासाठी घेतले. आरमाराची मागणी वाढली, तेव्हा आपण एका वेळी दहाच नग करू शकतो असे त्यांनी कळविले. त्यांच्या यंत्रात लोखंडाची एक बारीक पट्टी दोन चुंबकध्रुवांच्या मधोमध तोलून धरलेली असे. विजेच्या चढउताराने ती हलली, की अभ्रकाचा पडदा हलून आवाज निघे. ही तोललेली पट्टी लक्षात ठेवा; ती आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

१९५८ साली मिलवॉकीच्या जॉन कॉस यांनी दोन्ही कानांना वेगवेगळा आवाज देणारे, संगीत ऐकण्यासाठीचे हेडफोन विक्रीस आणले. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत तर हेडफोन अपरिहार्यच झाले. पण प्रत्यक्ष रंगमंचावर ते का आले, याची कथा थेट आपल्या मुलखाशी येऊन भिडते.

वर उल्लेखिलेल्या द हू या मंडळींतील पीट टाउनझेंड हे मेहेरबाबांचे अनुयायी. मेहेरबाबा १८९४ साली पुण्यात जन्मले. त्यांची समाधी नगरजवळच्या मेहेराबाद येथे आहे. १९७१ साली टाउनझेंड यांनी 'बाबा ओ'रायली' हे गाणे प्रसिद्ध केले; त्या नावातले बाबा म्हणजे हेच मेहेरबाबा. या गाण्यात ऑर्गनच्या स्वरांचा एक सारखा फिरणारा नाद आहे. तो रंगमंचावर कोणी वाजवीत नसे. तो फितीवर मुद्रित केलेला होता. आता फीत ही काही तबलजीसारखी समजूतदार नसते. गवई रेंगाळला तर तबलजी सांभाळून घेतो. फीत कोणासाठी थांबत नाही. म्हणून ड्रमवादक कीथ मून यांना कानांवर हेडफोन चढवून फितीच्या लयीला बांधून घ्यावे लागले. वाजविताना हेडफोन डोक्यावरून उडत. म्हणून १९७८ च्या चित्रीकरणात ते चिकटपट्टीने डोक्याला बांधलेले दिसतात. रंगमंचावरील हेडफोनचे गुण आणि अवगुण या एकाच चित्रात आले. ठोक्याला ठोका मिळतो. पण वस्तू डोक्यावर टिकत नाही.

टाउनझेंड यांचे स्वतःचे कान पुढे बिघडले आणि त्यांत सतत नाद राहू लागला. आश्चर्य असे, की या दुखण्याचा दोष त्यांनी मैदानातल्या १२६ डेसिबलपेक्षा ध्वनिमुद्रणाच्या खोलीत वापरलेल्या हेडफोनला दिला आहे. वादकांत कानांविषयी जागृती करण्यासाठी १९८८ साली सॅन फ्रान्सिस्कोत एक संस्था निघाली, तिला त्यांनी आरंभी पैशाची मदत केली. त्यांच्या अनुभवाचा अर्थ साधा आहे. ध्वनिवर्धक दूर असला तर आवाज मोठा आहे हे चारचौघांना कळते, कोणीतरी रागावते. कानाला चिकटलेला आवाज फक्त एकालाच ऐकू येतो, आणि त्याला आवरणारे कोणी नसते.

कानातल्या मॉनिटरचा उगमही १९७० च्या दशकातच आहे. स्टीफन ॲम्ब्रोज यांनी स्टीव्ही वंडर यांच्यासारख्या गायकांसाठी कानात बसणारी यंत्रे बनविली. परंतु ती सर्वांच्या हाती आली ती १९९५ नंतर. व्हॅन हेलन या मंडळींचे ड्रमवादक ॲलेक्स व्हॅन हेलन यांच्या कानांना रंगमंचावरील आवाजाने इजा झाली होती. त्यांचा रंगमंचावरील ध्वनी सांभाळणाऱ्या जेरी हार्वी यांनी त्यांच्या कानाचा साचा घेऊन त्यात दोन चिमुकले ध्वनिवर्धक बसविले, एक खालच्या स्वरांसाठी आणि एक वरच्या. त्यातूनच त्यांची अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. त्या चिमुकल्या यंत्रांत होते तरी काय? चुंबकांच्या मध्ये तोलून धरलेली तीच पट्टी! बाल्डविन यांच्या स्वयंपाकघरातले तत्त्व ऐकू कमी येणाऱ्यांच्या श्रवणयंत्रांतून प्रवास करीत पंचाऐंशी वर्षांनी कानाच्या भोकात जाऊन बसले.

या वस्तूचे खरे बळ आवाज देण्यात नसून आवाज अडविण्यात आहे. कानाच्या मापाचा साचा घट्ट बसला, तर बाहेरचा आवाज सुमारे २५ डेसिबलने कमी होतो. समजा, रंगमंचावर १०५ डेसिबलचा गलका आहे. उघड्या कानाने त्यावर आपला आवाज ऐकायचा तर तो त्याहून मोठा हवा. साचा घातला की गलका ८० वर येतो, आणि ८५ डेसिबललाही आपला आवाज स्वच्छ ऐकू येतो. दुसरा लाभ वेळेचा. आवाजाला एक मीटर जाण्यास सुमारे तीन सहस्रांश सेकंद लागतात. दहा मीटरवरच्या साथीदाराचा ठोका मोकळ्या हवेतून जवळजवळ तीस सहस्रांश सेकंद उशिरा येतो. तारेने किंवा बिनतारी यंत्राने तो उशीर बव्हंशी जातो. तिसरा लाभ म्हणजे कानात गेलेला आवाज माइकमध्ये शिरत नाही; शिट्टी बंद होते.

मग प्रश्न सुटला काय? सुटला नाही. आपण आत्ता बसल्या जागी एक प्रयोग करा. दोन्ही कानांत बोटे घाला आणि 'ऊ' असा स्वर काढा. आपलाच आवाज डोक्यात घुमतो, पिंपात बोलल्यासारखा वाटतो. कान बंद झाला की हाडांतून येणारा आवाज बाहेर पडू शकत नाही, म्हणून असे होते. गायकाला कानातल्या मॉनिटरची पहिली अडचण हीच जाणवते. साचा कानात पुरेसा खोल गेला तर ती कमी होते. उथळ बसला तर वाढते. वादकाला ती फारशी जाणवत नाही, कारण त्याचे वाद्य त्याच्या कवटीत नसते.

दुसरी अडचण एकटेपणाची. कान बंद झाले, की श्रोत्यांची दाद, साथीदाराचा हुंकार, सभागृहाचा श्वास हे सारे तुटते. म्हणून पुष्कळ गायक एका कानातले यंत्र काढून ठेवतात. ही सवय सर्वांत घातक आहे. उघडा कान साऱ्या गलक्याला तोंड देतो. आणि एकाच कानाने ऐकताना आवाज लहान भासतो म्हणून दुसऱ्या कानातला आवाज वाढविला जातो. दोन्ही कान एकदम मार खातात. याला योग्य उपाय म्हणजे रंगमंचाच्या कडेला श्रोत्यांकडे तोंड करून एक-दोन माइक ठेवावेत आणि त्यांतून आलेली सभागृहाची चाहूल कलावंताच्या कानात मिसळून द्यावी. शिवाय अचानक माइक पडला किंवा तार निघाली, तर होणारा धडाका कानापर्यंत पोहोचू नये यासाठी यंत्रात आवाजाला कमाल मर्यादा घालणारी सोय असलीच पाहिजे. हेडफोन डोक्यावरून झटकन उतरविता येतो. घट्ट बसलेला साचा तितक्या चपळाईने निघत नाही.

तेव्हा निवड कशी करावी? जो कलावंत एका जागी बसून वाजवितो, ज्याला ठराविक लयीला बांधून घ्यायचे आहे, आणि ज्याला गायचे नाही, त्याला कान पूर्ण झाकणारा बंद हेडफोन पुरतो. तो स्वस्त पडतो, दुसऱ्यालाही देता येतो, आणि त्यासाठी कानाचा साचा घ्यावा लागत नाही. मात्र तो जड असतो, घामाने सरकतो, आणि साधा हेडफोन खालचे स्वर फारसे अडवीत नाही. जो उभा राहून, हिंडून गातो, ज्याच्या भोवती ड्रम आणि विजेची वाद्ये आहेत, त्याने कानाच्या मापाचा मॉनिटर घ्यावा, दोन्ही कानांत घालावा, आणि आवाज पुरेसा आहे असे वाटले की आणखी एक पायरी खाली आणावा. ज्याची बैठक चार माणसांची आहे, तंबोरे पाठीशी आहेत आणि श्रोते समोर वीस हातांवर आहेत, त्याने या दोन्हींच्या वाटेला जाऊ नये. त्याला हवी आहे शांत खोली आणि आवाज आवरता येणारा साउंडवाला.

एक गोष्ट सांगून संपवितो. एसी/डीसी या मंडळींचे गायक ब्रायन जॉन्सन यांना २०१६ साली ऐकू न येण्याच्या धोक्यामुळे दौरा अर्ध्यावर सोडावा लागला. वैद्यांनी सांगितले, की असेच चालू ठेवाल तर पूर्ण बहिरे व्हाल. तेव्हा त्यांच्याकडे एक गृहस्थ नवीन रचनेचे, कानाच्या पडद्यावरचा दाब कमी करणारे यंत्र घेऊन गेले. ते गृहस्थ म्हणजे स्टीफन ॲम्ब्रोज; ज्यांनी चाळीस वर्षांपूर्वी ही वस्तू कानात घातली, तेच तिची सुधारणा करीत बसले होते. २०२३ साली जॉन्सन पुन्हा मैदानात उभे राहून गायले. ही गोष्ट आनंदाची आहे, पण तिच्यावर विसंबून राहू नये. जॉन्सन यांच्या दारी संशोधक चालून आला. आपल्या गल्लीतल्या वाद्यवृंदाच्या मुलाच्या दारी तो येणार नाही.

२०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने कार्यक्रमस्थळांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल ही कमाल मर्यादा सुचविली आहे. ती श्रोत्यांसाठी आहे. कलावंताने स्वतःसाठी त्याहून खालची मर्यादा घालून घ्यावी, कारण श्रोता एका रात्रीपुरता येतो आणि कलावंत रोज येतो. दीडशे वर्षांत माणसाने गाणे कानाच्या अधिकाधिक जवळ नेले. जितके जवळ नेले तितकी संयमाची गरज वाढली. येथून पुढे कधी मैफिलीला जाल आणि गवई साउंडवाल्याला हाताने खूण करताना दिसेल, तर तो हात वर जातो आहे की खाली, हे अवश्य पाहा. खाली जात असेल, तर त्या गवयाचे गाणे आपल्याला पुष्कळ वर्षे ऐकावयास मिळेल.